तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं संगीत

जुन्या इन्स्ट्रुमेंटल फंकचं, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकन वाद्यसंगीताचं, एकाला एक तबकडी जोडून केलेलं निवांत मिक्स ऐकायला लागलं की तास कसा जातो कळत नाही. गायक नाही, शब्द नाहीत. ऑर्गन, गिटार, बास आणि ड्रम एवढ्यावर सगळं चालतं. हे संगीत आलं कुठून, हे पाहायला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जावं लागतं. तिथे एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात स्टॅक्स या कंपनीने स्टुडिओ थाटला होता. १९६२ मध्ये एका गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या चार वादकांना मोकळा वेळ मिळाला आणि ते आपल्याच नादात वाजवत बसले. मालक जिम स्टुअर्ट यांनी टेप चालू केली. ब्लूज ढंगाची एक संथ धून चांगली जमली. पण तबकडीला दुसरी बाजूही लागते, म्हणून आणखी एक धून वाजवली गेली. तीच 'ग्रीन अनियन्स'. ऑर्गनवर होता बुकर टी. जोन्स, वय अवघं १७. बाजू भरायला वाजवलेली ही धून बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणंही अवघड असलेल्या त्या शहरात या चौघांत तिघे काळे आणि एक गोरा होता.

४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे) छोट्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. पुढच्या बाजूवर गाणं आणि मागच्या बाजूवर त्याच वादकांनी वाजवलेली एखादी धून, अशी पद्धत बऱ्याच कंपन्यांना परवडायची. गायकाचा खर्च नाही, वादक तर हजरच. त्यामुळे आज मिक्समध्ये मानाने वाजणाऱ्या कितीतरी चिजा मुळात मागच्या बाजूच्या आहेत.

फंकचा ठेका मात्र अमेरिकन गायक जेम्स ब्राऊन यांच्या संचाने पक्का केला. १९६५ ते १९६७ या काळात त्यांनी सगळं वजन पहिल्या मात्रेवर आणलं. आपल्या कानाला हे पटकन कळतं, कारण समेवर येण्याचा आनंद आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच, की इथे सम दर चार मात्रांनी येते आणि मधल्या जागेत प्रत्येक वाद्य तालवाद्य होतं, गिटारसुद्धा.

निवांतपणाबद्दल बोलायचं तर माझ्या मते न्यू ऑर्लिन्सच्या 'द मीटर्स' या संचाच्या जवळ कुणी येत नाही. आर्ट नेव्हिल, लिओ नोसेंटेली, जॉर्ज पोर्टर ज्युनिअर आणि झिगाबू मॉडेलिस्ट हे चौघे ॲलन टूसाँ यांच्या स्टुडिओत इतरांच्या गाण्यांना साथ करत. त्या शहरात मिरवणुकीत बँडच्या मागून लोक नाचत चालतात, त्याला 'सेकंड लाइन' म्हणतात. ती चाल ड्रमर मॉडेलिस्टच्या हातात आहे. १९६९ ची 'सिसी स्ट्रट' ऐका. गिटार आणि बास एकच तुकडा मिळून वाजवतात, ठेका ना पूर्ण सरळ, ना पूर्ण झुलता. कुणालाच घाई नाही. रिकाम्या सोडलेल्या जागाच जास्त ऐकू येतात.

पुढे या तबकड्यांचे तुकडे झाले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सेज्विक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्क यांची पार्टी झाली. नुसते ड्रम वाजतात तो भाग, म्हणजे 'ब्रेक', सुरू झाला की लोक सर्वांत जास्त नाचतात, हे त्यांनी हेरलं आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून लावत तो लांबवला. ध्वनीचा तुकडा साठवून पुन्हा पुन्हा वाजवणारा सॅम्पलर आल्यावर हेच काम यंत्र करू लागलं. जेम्स ब्राऊन यांच्या 'फंकी ड्रमर'मधला ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा ठेका अगणित गाण्यांत शिरला. पण रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे मानधन त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. 'द विन्स्टन्स' या संचाच्या 'आमेन, ब्रदर'मध्ये, ही पुन्हा १९६९ ची मागची बाजूच, ग्रेगरी कोलमनने सुमारे ७ सेकंद ड्रम वाजवले. त्यावर इंग्लंडमध्ये 'जंगल' नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. हे लिहितानाही वाईट वाटतं.

पूर्ण तबकडी ऐकण्याची गोडी टिकवली ती लंडनने. १९८० च्या दशकाच्या मध्यावर, बिनपरवाना चालणाऱ्या किस एफएम या रेडिओ केंद्रावर डीजे नॉर्मन जे दुर्मिळ फंक-सोल लावत. 'रेअर ग्रूव्ह' हे नाव तिथूनच रुळलं.

असं मिक्स बांधताना एक अडचण येते. हे ड्रमर मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लय देणाऱ्या यंत्रावर, वाजवत नसत. धून रंगात आली की लय हळूच चढते, नंतर उतरते. टेक्निक्स १२०० या रेकॉर्ड प्लेअरच्या सरकत्या पट्टीवर वेग ८ टक्के कमी-जास्त करता येतो, पण एकदा जुळवली म्हणून लय जुळलेली राहत नाही. बोट तबकडीच्या कडेवर ठेवून सांभाळावी लागते. म्हणून मी दोन तबकड्या फार वेळ एकमेकींवर चढवत नाही. पहिली शेवटपर्यंत वाजू देतो, ऑर्गनचा शेवटचा सूर विरत आला की दुसरीची सम टाकतो.