विजयदुर्ग दोन दिवसांची ट्रिप : निघायच्या आधी एवढं वाचून घ्या

सांगलीतनं आमच्या गाडीनं विजयदुर्गला येणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक. बुकिंगला आलेला जवळपास प्रत्येक ग्रुप म्हणतो की मालवण, तारकर्ली, कुणकेश्वर पण ह्यातच बसवा की, आणि आम्ही नाही म्हणतो. बसतं ओ, पण मग सगळं गाडीच्या काचेतनंच बघायचं. ही ट्रिप एका गावाची आहे.

पहाटे निघून कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळ किंवा भुईबावडा, जो घाट चालू असेल तो, खाली वैभववाडी, तळेरे, आणि तिथनं अजून पन्नासेक किलोमीटर. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट आधीच सांगून ठेवा, आणि निघताना मिसळ हाणू नका.

किल्ल्याला निदान तीन तास द्या. बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं, म्हणजे पन्हाळ्याचाच भोज, त्यामुळं आपल्याकडच्या माणसाला अगदीच परका नाही. महाराजांनी १६५३ ला घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं, त्याआधी घेरिया. आत एक एक करत तीन तटबंद्या आहेत आणि दरवाजा असा वळणात लपवलाय की समोर जाईपर्यंत दिसतच नाही. पुढं हा आंग्र्यांचा अड्डा झाला, १७५६ मधे पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले आणि आंग्र्यांचं आरमार इथंच बंदरात जळालं. आपल्याच माणसांनी आपलं आरमार बुडवलं म्हणून त्यावर गाडीत दरवेळी वाद होतो, होऊ दे. २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात हा पण आहे.

आत 'साहेबाचा कट्टा' दाखवतात. काहीजण सांगतील की हेलियमचा शोध इथंच लागला. तसं नाही, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबांनी सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा १८६८ ला इंग्लंडातनं बघितली, इथं ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तरी पण कट्टा बघाच, एवढ्या लांबनं दुर्बिणी घेऊन माणूस कुठं येऊन बसला ते कळतं.

आंग्र्यांची गोदी मात्र बरेच लोक चुकवतात. वाघोटन खाडीच्या आतल्या बाजूला, खडक फोडून केलेली, जहाजं दुरुस्तीला आत घ्यायची जागा. ही ओहोटीला नीट दिसते, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, म्हणून आमचं टाइमटेबल प्रत्येक ट्रिपला वेगळं असतं, मागच्या ग्रुपचं बघून भांडू नका. जाता-येता गिर्येचं रामेश्वर मंदिर, कातळ फोडून काढलेल्या वाटेनं खाली उतरायचं, आवारात संभाजी आंग्र्यांची समाधी आहे.

जेवण घरगुती, सुरमई किंवा बांगडा, सोलकढी, सकाळी घावणे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पावसात तट शेवाळून घसरडे होतात, त्यामुळं तेव्हा आम्ही ट्रिप काढतच नाही. एप्रिल-मेमधे आलात तर ऊन जाळतं पण हापूस देवगड तालुक्यातच, बागेतनंच घ्या, डिकीत पेट्यांना जागा आम्ही ठेवतो.

टोपी, पाणी आणि पकड असलेले बूट आणा, चपला नकोत. मासे खाणारे किती, न खाणारे किती हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, तिथल्या वहिनी सकाळी बाजाराला जातात, नंतर सांगितलं तर डाळ-भातच मिळेल.