६५ टक्क्यांचा हिशेब: कॅनडातल्या फ्रेंच रेडिओचं लायसन्स आणि गाण्यांचा कोटा

कॅनडात क्यूबेक या बहुतांश फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या एखाद्या फ्रेंच एफएम स्टेशनचं लायसन्स रिन्यू झालं की त्याची बातमी बहुतेक वेळा दोन-चार ओळींचीच असते. कधी लिहिलेलं असतं की पूर्ण मुदतीसाठी रिन्यू झालं, कधी असतं की मुदत कमी करून दिली कारण तपासलेल्या आठवड्यात फ्रेंच गाणी ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी वाजली होती. बाहेरच्याला प्रश्न पडतो की एका आठवड्यातली दोन-तीन टक्के गाणी कमी पडली तर सरकारी संस्था एवढी का मागे लागते. उत्तर शोधायचं तर जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं कारण मुंबईत खाजगी एफएम आल्यापासून आपण मराठी गाणी का वाजत नाहीत हा वाद घालतोय, पण दुसऱ्या कुठल्या समाजानं हाच प्रश्न कायद्यानं कसा हाताळला ते फारसं बघितलेलं नाही.

सुरुवात भाषेपासून नाही तर शेजाऱ्यापासून झाली. १९२० च्या दशकात रेडिओ आला तेव्हा कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला लागून होती आणि अमेरिकेतली दणदणीत ताकदीची स्टेशनं सीमा ओलांडून सरळ घराघरात ऐकू यायची. माँट्रियलमध्ये ला प्रेस या वर्तमानपत्रानं १९२२ मध्ये सीकेएसी हे फ्रेंच स्टेशन सुरू केलं खरं, पण एकूण हवा इंग्रजीच होती आणि त्यातही अमेरिकन. १९२८ मध्ये सरकारनं सर जॉन एअर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, त्यानं १९२९ च्या अहवालात सार्वजनिक मालकीचं राष्ट्रीय रेडिओ हवं असं सांगितलं, आणि तिथून पुढे १९३६ मध्ये सीबीसी म्हणजेच फ्रेंचमध्ये रेडिओ-कॅनडा उभं राहिलं. पण ही झाली सरकारी बाजू. खाजगी स्टेशनं चालूच राहिली आणि त्यांना जाहिराती हव्या होत्या, जाहिरातींसाठी हिट गाणी हवी होती आणि हिट गाणी येत होती न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि लंडनहून.

१९६८ मध्ये नवा ब्रॉडकास्टिंग कायदा आला आणि सीआरटीसी नावाची नियामक संस्था जन्माला आली, पहिले अध्यक्ष पिएर जुनो, स्वतः क्यूबेकचे. जानेवारी १९७१ पासून एएम स्टेशनांना ३० टक्के गाणी कॅनडाची वाजवणं सक्तीचं झालं. स्टेशनवाले प्रचंड चिडले, आमच्याकडे एवढी चांगली गाणी आहेतच कुठे असा त्यांचा मुद्दा होता. आणि गाणी नव्हतीच असं नाही, पण रेकॉर्डिंगचा धंदा खरंच छोटा होता, स्टुडिओ कमी, कंपन्या कमी, त्यामुळे वाजायला गाणी नाहीत म्हणून कोणी पैसे घालत नाही आणि पैसे नाहीत म्हणून गाणी होत नाहीत असं चाललेलं. कोट्यानं हे चक्र तोडलं. आज कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या संगीत पुरस्कारांचं नाव जुनो आहे ते याच माणसावरून, म्हणजे ज्या धंद्यानं सुरुवातीला विरोध केला त्यातल्याच लोकांनी नंतर त्याची आठवण जपली.

कॅनडाचं गाणं कुठलं हे ठरवायला चार गोष्टी बघतात: संगीत कोणाचं, गायक कोण, रेकॉर्डिंग कुठे झालं, शब्द कोणाचे. साधारणपणे चारपैकी दोन कॅनडाची असली की गाणं मोजलं जातं. पण यात भाषेचा काही संबंध नाही हे लक्षात घ्या, कारण फ्रेंच लोकांची अडचण नेमकी इथेच होती. टोरांटोच्या बँडचं इंग्रजी गाणं कॅनडाच्या कोट्यात आरामात बसतं, मग फ्रेंच स्टेशननं दिवसभर तेच वाजवलं तर नियम पाळला गेला आणि फ्रेंच गाणं मात्र घरातून गेलं.

तो काळही तसा होता. १९६० च्या दशकात क्यूबेकमध्ये ज्याला शांत क्रांती म्हणतात ती झाली, चर्चचा शाळा-हॉस्पिटलांवरचा ताबा गेला, माँट्रियलच्या मोठ्या दुकानांत आणि ऑफिसात फ्रेंच माणसाला स्वतःच्या शहरात इंग्रजी बोलावं लागतं याचा राग उघड बोलला जाऊ लागला. फेलिक्स लेक्लेर, जील व्हिन्यो, रोबेर शार्लबुआ अशा गायकांनी त्या समाजाला स्वतःचा आवाज दिला, ही नुसती मनोरंजनाची गोष्ट राहिली नव्हती. १९७७ मध्ये प्रांतानं बिल १०१ आणून दुकानाच्या पाट्यांपासून शाळांपर्यंत फ्रेंच आणली. रेडिओ मात्र प्रांताच्या हातात नव्हता, तो केंद्राचा विषय, त्यामुळे गाण्यांची लढाई सीआरटीसीच्या दारात लढावी लागली. सत्तरच्या दशकातच फ्रेंच स्टेशनांवर फ्रेंच गाण्यांची वेगळी अट आली. १९७८ मध्ये क्यूबेकच्या निर्मात्यांची आदिस्क ही संघटना झाली, पुढच्या वर्षीपासून तिचे फेलिक्स पुरस्कार सुरू झाले, आणि पुढे कोट्याच्या प्रत्येक सुनावणीत एका बाजूला ही संघटना आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनमालक असं चित्र कायमचं झालं.

आजचा जो नियम आहे त्याचा साचा १९९८ च्या धोरणातून आला. फ्रेंच स्टेशननं आठवड्यात वाजवलेल्या लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ६५ टक्के फ्रेंच हवीत, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात किमान ५५ टक्के. दुसरी अट का लागली हे कळलं की पूर्ण गोष्ट कळते. फक्त आठवड्याचा आकडा असला की स्टेशन काय करणार, सकाळी लोक गाडीत असतात तेव्हा इंग्रजी हिट वाजवणार आणि फ्रेंच गाणी रात्री उशिरा नाहीतर रविवारी ढकलणार, म्हणून मग ऐकणारे असतात त्या वेळेलाच आकडा बांधला. मध्यरात्र ते सकाळी ६ हा वेळ तर हिशेबात धरतच नाहीत. शिवाय गाणी मिनिटांवर नाही तर संख्येवर मोजतात, बिनशब्दांची धून चालत नाही, आणि फ्रेंच गाणं पूर्ण वाजलं तरच धरतात, अर्धं कापून पुढे गेलात तर ते गेलं. या प्रत्येक बारीक कलमामागे कुठली ना कुठली पळवाट दिसते आणि मला तरी हा नियम वाचताना त्या पळवाटांचाच इतिहास वाचल्यासारखं वाटतं.

फ्रेंच अट आणि कॅनडाची अट या दोन वेगळ्या आहेत, स्टेशनला दोन्ही पाळाव्या लागतात. कॅनडाची अट १९९९ पासून ३५ टक्के झाली. पॅरिसच्या किंवा ब्रसेल्सच्या गायकाचं फ्रेंच गाणं ६५ टक्क्यांत धरलं जातं पण ३५ मध्ये नाही. आणि आवाज क्यूबेकचा पण गाणं इंग्रजी असेल तर ६५ मध्ये त्याला जागा नाही, मग तो आवाज सेलिन दिओनचा का असेना. तिनं १९९० मध्ये पहिला इंग्रजी अल्बम काढला तेव्हा आदिस्कनं तिला इंग्रजी कलाकाराचा फेलिक्स दिला आणि तिनं तो स्टेजवरच नाकारला, मी इंग्रजी कलाकार नाही म्हणून. भाषेचा प्रश्न तिथे लोकांच्या किती आत आहे ते यातून दिसतं.

नुसता आकडा मात्र काही करत नाही. तो चालतो तो लायसन्समुळे. १९९१ च्या कायद्यानुसार लायसन्स जास्तीत जास्त ७ वर्षांचं असायचं (२०२३ मध्ये कायद्यातली ही मर्यादा काढली), सहसा ३१ ऑगस्टला संपणारं, आणि ते कोणाचा हक्क नाही, हवेतली फ्रिक्वेन्सी जनतेची आहे आणि स्टेशनला ती वापरायला दिलेली आहे. रिन्यूच्या आधी सीआरटीसी एखादा आठवडा निवडते आणि त्या आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग, वाजलेल्या गाण्यांची क्रमवार यादी आणि स्टेशननं स्वतः केलेलं मोजमाप मागवते. स्टेशनला आपलं प्रसारण ४ आठवडे जपून ठेवावं लागतं, तक्रार आली असेल तर ८ आठवडे. आठवडा प्रसारण होऊन गेल्यावर मागतात, त्यामुळे आधीपासून सजवून ठेवण्याची सोय नाही. रेकॉर्डिंगच दिलं नाही किंवा यादी अर्धवट दिली तर तोही नियमभंग, कारण मग मोजायचं कशावर. अर्ज जाहीर होतो, कोणीही सामान्य माणूस त्यावर पत्र लिहू शकतो, आणि निर्णय कारणांसकट सगळ्यांना वाचायला मिळतो. मला या सगळ्यातला सगळ्यात चांगला भाग हाच वाटतो, की हिशेब बंद खोलीत होत नाही.

आकडा कमी आला तर लगेच स्टेशन बंद होत नाही. आधी खुलासा मागतात. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची भाषा चुकीची भरली होती, प्रोग्रामिंगचा माणूस नवा होता, अशा तऱ्हेची उत्तरं येतात. मग नियमभंग किती मोठा, पहिला की दुसरा, सुधारायला काय केलं हे बघून मुदत कमी करतात, वेळप्रसंगी नियमभंग झाल्याची घोषणा स्टेशनला स्वतःच्याच हवेवर करायला लावतात किंवा कलाकारांच्या मदतनिधीत जादा पैसे भरायला सांगतात. पुन्हा पुन्हा झालं तर सक्तीचा आदेश, सुनावणी आणि शेवटी रिन्यू नाही. मुदत कमी होणं ही किरकोळ शिक्षा वाटते पण बँकेत कर्ज मागताना किंवा स्टेशन विकताना ७ वर्षांचं लायसन्स आणि २ वर्षांचं लायसन्स यात फार फरक पडतो.

शेवटची पायरी नुसती कागदावर नाही हे १३ जुलै २००४ ला दिसलं. क्यूबेक सिटीतल्या सीएचओआय या खूप ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनचं लायसन्स सीआरटीसीनं रिन्यू करायला नकार दिला, त्याला २००२ मध्ये आधीच २ वर्षांचं छोटं लायसन्स दिलेलं होतं. कारण गाण्यांचं नव्हतं, निवेदक हवेवर लोकांबद्दल जे अपमानास्पद बोलत होते त्याचं होतं. हजारो लोक रस्त्यावर उतरले, बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा आला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनी हरली, २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानं अपील ऐकायलाच नकार दिला. निर्णय योग्य की अयोग्य यावर तिथे आजही दोन मतं आहेत, पण त्यानंतर रिन्यूचा अर्ज ही नुसती औपचारिकता आहे असं समजायला कोणाला जागा राहिली नाही.

पळवाटा त्यानंतरही निघाल्या. सगळ्यात गाजलेली मॉन्टाजची. अनेक इंग्रजी हिटचे तुकडे एकमेकांना जोडून सलग वाजवायचे आणि नियमात मॉन्टाज म्हणजे एकच गाणं, म्हणून मोजताना एकच इंग्रजी गाणं धरायचं. ऐकणाऱ्याला वीस मिनिटं इंग्रजी ऐकू येतं आणि यादीत आकडा एक. आदिस्कनं यावर सतत आवाज उठवला, आणि २०११ मध्ये सीआरटीसीनं सांगितलं की मॉन्टाज आठवड्याच्या प्रसारणाच्या १० टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे नाही.

स्टेशनवाल्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. ओटावा आणि गॅटिनो या शहरांच्या मधे फक्त नदी आहे, गॅटिनोत फ्रेंच, ओटावात इंग्रजी, डायलवर बोट सरकवलं की श्रोता गेला. माँट्रियलचंही तसंच. म्हणून सीआरटीसीनं २००९ मध्ये इंग्रजी एफएमवरची हिट गाण्यांची मर्यादा बाकी देशात काढली तरी या दोन बाजारांत ठेवली, म्हणजे इंग्रजी स्टेशनांनी हिटवर हिट वाजवून फ्रेंच श्रोते ओढू नयेत. शिवाय कोटा भरायला तीच तीच फ्रेंच गाणी फिरवली जातात ही तक्रारही खरी आहे. फ्रान्सनं हा अनुभव घेतला. तिथे १९९४ च्या कायद्यानं १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच गाणी आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नवी असा नियम केला, त्यातून फ्रेंच रॅपला मोठी हवा मिळाली, पण पुढे मोजकीच गाणी सारखी वाजू लागली म्हणून २०१६ मध्ये दहा सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांचा वाटा निम्म्यावर गेला तर वरचा भाग कोट्यात धरायचा नाही असं ठरवावं लागलं.

कॅनडात डिसेंबर २०२२ च्या नव्या रेडिओ धोरणातही मालकांनी कोटा कमी करा म्हणून जोर लावला, कारण मोबाईलवरच्या स्ट्रीमिंगला कसलाच कोटा नाही आणि बंधनं फक्त आम्हाला का हा त्यांचा प्रश्न आहे. सीआरटीसीनं ६५ आणि ५५ दोन्ही आकडे तसेच ठेवले. स्ट्रीमिंगचं उत्तर दुसऱ्या बाजूनं द्यायचा प्रयत्न चालू आहे. एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा मंजूर झाला, जून २०२४ मध्ये वर्षाला अडीच कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई करणाऱ्या मोठ्या सेवांनी कॅनडातल्या कमाईचे ५ टक्के स्थानिक प्रसारणाच्या निधीत द्यावेत असा आदेश निघाला आणि कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. पण पैसे घेणं वेगळं आणि गाणं ऐकणाऱ्यासमोर येणं वेगळं. रेडिओला आठवडा मागवून मोजता येतं, प्रत्येकाची प्लेलिस्ट वेगळी असलेल्या ॲपचा कुठला आठवडा मागवायचा, आणि लायसन्सच नसेल तर रिन्यू करताना हिशेब कोणाकडे मागायचा, यावर तिथे आत्ता सगळी भांडणं चालली आहेत.