अडत, लिंक आणि 'जॉइनिंग': ॲफिलिएट कमाईची पार्श्वभूमी

वाशीच्या बाजारात अडत म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माल शेतकऱ्याचा, पैसा गिऱ्हाइकाचा, आणि गाळ्यावर बसलेला अडत्या दोघांची गाठ घालून देऊन आपले टक्के घेतो. ॲफिलिएट मार्केटिंग हा याच जातीचा धंदा आहे, फक्त गाळ्याच्या जागी लिंक आली: ऑनलाइन दुकानातल्या वस्तूची लिंक आपल्या पानावर लावायची, तिच्यावरून कुणी खरेदी केली की आपले टक्के मिळतात. फळं आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आला तो १९९६ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका ऑनलाइन पुस्तकाच्या दुकानाने इतरांच्या वेबसाइटवरून येणाऱ्या गिऱ्हाइकामागे कमिशन द्यायला सुरुवात केली. त्याआधीही तिकडे असे एकदोन प्रयत्न झाले होते, पण आजचे बहुतेक कार्यक्रम याच एका नमुन्यावर बेतलेले आहेत.

अडतीचा खरा वाद कायम एकच राहिला: ती द्यायची कोणी? जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला आणि वाशीचे गाळे काही दिवस बंद राहिले. ॲफिलिएटमध्ये हा प्रश्न पहिल्यापासून सुटलेला आहे. कमिशन विकणारी कंपनी देते, गिऱ्हाइकाला वस्तू त्याच भावात मिळते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा गोंधळ याच ठिकाणी झाला.

आपल्याकडे हा धंदा रुजला तो २०१३ नंतर, आणि मी जवळून पाहिलेला काळही तोच. त्या वर्षीच्या जूनमध्ये जगातलं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान भारतात उघडलं. बंगळुरूचं देशी दुकान आधीपासून होतंच. दोघांचेही कमिशनचे कार्यक्रम होते. ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणारी मुलं दिवसा घरी असायची, इंग्रजी वाचता यायचं, कंपनीमुळे कॉम्प्युटरची भीती गेलेली. जुलै २०१४ मध्ये एका चिनी मोबाईलचे फ्लॅश सेल सुरू झाले. मंगळवारी दुपारी दोनला विक्री उघडायची आणि बघता बघता संपायची. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागे, आणि नाव कुठे नोंदवायचं हे सांगणाऱ्या पानांवर या मुलांच्या लिंका असत. मग ६ ऑक्टोबर २०१४ चा तो गाजलेला सेल आला. साइट कोलमडली, लोक चिडले, पण 'डील' हा शब्द घराघरात पोचला. डील शोधणारे, त्यांची यादी करणारे, ती व्हॉट्सॲपवर आणि पुढे टेलिग्रामवर टाकणारे अशी एक पिढीच त्यातून तयार झाली.

मराठीत लिहिणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. वेबसाइटवर जाहिराती लावून पैसे मिळवण्याची सर्वांत प्रचलित सोय हिंदीसाठी डिसेंबर २०१४ मध्ये खुली झाली, मराठीसाठी २०१८ मध्ये. मधल्या चार वर्षांत मराठी मजकुरावर जाहिरातीचा पैसा अधिकृतपणे मिळत नव्हता. ज्याला मराठीतच लिहायचं होतं, त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या. हौस म्हणून लिहीत राहायचं किंवा लिंक लावायची. म्हणून त्या काळातल्या मराठी लेखांत मिक्सर, प्रेशर कुकर, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं यांच्या लिंका इतक्या दिसतात. त्या लिहिणाऱ्यांना कुणी लोभी म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यांच्या भाषेला दुसरा बाजारच नव्हता.

घणसोलीत आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्यांची आई पोस्टाच्या आरडीची एजंट. कापडी पिशवीत कार्डं घेऊन ती घरोघर हप्ते गोळा करायची, आणि त्यावर चार टक्के कमिशन. मुलीने, म्हणजे या ताईंनी, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे मराठी व्हिडिओ करायला घेतले. इडलीपात्राचं झाकण घट्ट बसतं का, हँडल तापतं का, दोन महिने वापरल्यावर पॉलिश कसं दिसतं, हे ती हातात भांडं घेऊन दाखवते. तिने एकदा मला फोनवर आपला महिन्याचा हिशेब दाखवला. एका रांगेत वस्तू, पुढे किंमत, पुढे तिचे रुपये, आणि मधल्या दोन ओळींसमोर 'परत' असा शेरा. वस्तू परत आली की कमिशनही परत. आईला हे काही केल्या पटत नव्हतं. आरडीचा हप्ता एकदा भरला की तो कधी परत येत नसे.

ज्यांना यावर पोट भरायचं आहे त्यांनी आधी हे गणित मांडावं. कपडे, भांडी, घरगुती सामान यांवर कमिशन बरं असतं, मोबाईलवर फार थोडं. एक टक्का धरला तर महिना पंचवीस हजार कमवायला आपल्या लिंकवरून पंचवीस लाखांचा माल विकला जायला हवा. सहा टक्के धरले तरी चार लाखांच्या वर. त्यात एका मोठ्या कार्यक्रमात क्लिकनंतरच्या चोवीस तासांत वस्तू टोपलीत गेली तरच ती विक्री तुमची धरली जाते, आणि पैसे महिना संपल्यावर सुमारे साठ दिवसांनी येतात. नव्या माणसाला १८० दिवसांत तीन विक्र्या करून दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतः किंवा घरच्यांनी केलेली खरेदी चालत नाही. हा शेवटचा नियम माहीत नसल्याने कितीतरी जणांची खाती बंद पडली, आणि चूक काय झाली हे त्यांना कधी कळलंच नाही.

मे २०१५ मध्ये कपड्यांच्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं. गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली खूण ॲपमध्ये आपोआप पोचत नाही, त्यामुळे वेबसाइटवरच्या जुन्या लिंका कुचकामी झाल्या. वर्षभराने, जून २०१६ मध्ये, त्यांना वेबसाइट पुन्हा उघडावी लागली. दुसऱ्याच्या एका निर्णयाने आपलं दुकान बंद पडू शकतं, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं. 'ॲफिलिएट' हा शब्द आज ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन अगदी वेगळ्या धंद्यांना वापरला जातो. एक वर सांगितला तो. दुसऱ्यात तुम्ही आधी काही हजार रुपये भरून एक 'पॅकेज' घेता. पॅकेजमध्ये व्हिडिओ असतात, बहुतेक मार्केटिंग शिकवणारे. सोबत तुम्हाला लिंक मिळते, आणि त्या लिंकवरून तुम्ही तेच पॅकेज दुसऱ्याला विकायचं. कमिशन बहुधा निम्म्याहून जास्त. काही ठिकाणी तुम्ही आणलेल्या माणसाने पुढे कुणाला आणलं तरी तुम्हाला वाटा.

हा प्रकार टाळेबंदीत फोफावला. २५ मार्च २०२० पासून अत्यावश्यक सोडून बाकी मालाची घरपोच सेवा थांबली. ठाणे आणि नवी मुंबई रेड झोनमध्ये होती, तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यात इतरत्र सवलत मिळाली तरी इथे मिक्सर किंवा चपला पोचवता येत नव्हत्या. खऱ्या ॲफिलिएटची कमाई जवळजवळ शून्यावर आली. व्हिडिओ मात्र विकता येत होते, त्याला ना गोदाम लागतं ना डिलिव्हरीवाला. नोकरी गेलेली, पगार अर्धा झालेली मुलं घरात बसून होती. माझ्या मावसभावाने तेव्हा असं पॅकेज घेतलं. त्याला मिळालेल्या पहिल्याच धड्यात ओळखीच्या शंभर लोकांची यादी करायला सांगितलं होतं. माझं नाव अकरावं होतं. मी नाही म्हटलं, आणि सहा महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही.

या कंपन्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. त्या म्हणतात, आमच्याकडे वस्तू आहे, ती म्हणजे शिक्षण. स्तर एकच किंवा दोन आहेत. पैसे शिकण्याचे घेतो, सामील होण्याचे नाही. वरवर हे खोटं नाही, आणि म्हणूनच गुंता आहे. पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाऐवजी माणसांमार्फत माल विकणाऱ्या कंपन्यांसाठीचे, नियम आले. त्यात पिरॅमिड योजनेवर स्पष्ट बंदी आहे, आणि थेट विक्री करणाऱ्या कंपनीने सामील होण्यासाठी प्रवेश शुल्क घेऊ नये असंही म्हटलं आहे. पिरॅमिड ओळखायचा तो माणसं भरती केल्याचा फायदा मिळतो का यावरून. पण पॅकेज हीच वस्तू आणि भरती हीच विक्री झाली की या दोहोंत रेघ कुठे ओढायची?

माझ्या मते रेघ अगदी सोपी आहे. समजा उद्यापासून कमिशन बंद केलं. इडलीपात्र तरीही विकलं जाईल, कारण लोकांना इडल्या करायच्या असतात. ते पॅकेज किती जण घेतील? जर घेणाऱ्यातला जवळपास प्रत्येक जण ते पुढे विकायलाच घेत असेल, तर आत येणारा पैसा शेवटच्या माणसाच्या खिशातून येतो आहे, आणि शेवटच्या माणसाच्या पुढे कुणीच नसतं. वाशीचा अडत्या शेतकऱ्याला कधी म्हणत नाही की आधी माझ्याकडून पोतं विकत घे. कमिशन मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागणं, ही मला पुरेशी खूण वाटते. मोठ्या ऑनलाइन दुकानांचे ॲफिलिएट कार्यक्रम फुकट आहेत. पॅन, बँक खातं आणि लिंक लावायला स्वतःची एखादी जागा, एवढंच लागतं.

करांचं थोडक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या कंपनीला सेवा देणाऱ्याने पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी अशी तरतूद होती. ॲफिलिएट ठाण्यात आणि कंपनी बंगळुरूत, म्हणजे दोन-दोन हजार कमावणारेही त्यात अडकले. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या आंतरराज्य सेवांना नोंदणीतून सूट मिळाली. मधले साडेतीन महिने अनेकांनी घाबरून धंदा सोडला, त्यांत चांगलं लिहिणारेही होते.

आयकरात या उत्पन्नाला 'कमिशन किंवा दलाली' म्हणतात. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९४एच प्रमाणे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कंपनीने कापून ठेवायचा कर, कापला जाई तो बराच काळ पाच टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के झाला, आणि एप्रिल २०२५ पासून कपातीची वार्षिक मर्यादा पंधरावरून वीस हजारांवर गेली. थोडं कमावणाऱ्याला हा पैसा विवरणपत्र भरून परत मिळतो. बरेच जण ते भरत नाहीत, आणि हक्काचे पैसे तसेच राहतात.

अलीकडच्या चार-पाच वर्षांत नियम भराभर आले. जून २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने समाजमाध्यमांवरच्या पैसे घेऊन केलेल्या शिफारशींवर तसं लेबल लावणं बंधनकारक केलं. जून २०२२ मध्ये केंद्राची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना. विकणाऱ्याशी तुमचा आर्थिक संबंध असेल तर तो सोप्या भाषेत, दिसेल असा सांगायचा. दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा चूक झाली तर पन्नास लाखांपर्यंत. घणसोलीच्या ताई आता व्हिडिओच्या सुरुवातीलाच म्हणतात, 'खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं.' त्याने लोक बिचकतील असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

ज्यांनी जास्त कमिशनच्या मागे धावून पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या लिंका लावल्या होत्या, त्यांचा बाजार ऑगस्ट २०२५ मध्ये उठला. नव्या केंद्रीय कायद्याने असे खेळ बंद झाले आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या कमिशनवर घराचे हप्ते भरणारे दोघे-तिघे मला माहीत आहेत. त्यांच्या जुन्या व्हिडिओंखालच्या लिंका काढण्यातच त्यांचा आठवडा गेला.

गेल्या दिवाळीनंतर ताईंच्या सोसायटीतल्या सहा जणी त्यांच्याकडे आल्या. आम्हालाही शिकव म्हणाल्या. ताईंनी फोन काढला, खातं कुठे उघडायचं ते दाखवलं, पॅनकार्ड घेऊन यायला सांगितलं. त्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: जॉइन व्हायला किती भरायचे? काही नाही, असं ताई तीनदा म्हणाल्या. दोघी जणी पॅनकार्ड घेऊन परत आल्या. बाकीच्यांना वाटलं, फुकट आहे म्हणजे यात काहीतरी गडबड असणार.