बारापेडेच्या गुहेतली पाकोळी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडी नावाचं गाव आहे. चहूकडे भीमगडचं रान. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये एक पाकोळी, म्हणजे वटवाघळाची एक जात, राहते, आणि जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना आमच्या तालुक्याचं नाव ठाऊक आहे ते तिच्यामुळे.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ साली देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्याच सुमारास बारापेडेची ही पाकोळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. तिथले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी ती नवी जात असल्याचं १९१३ मध्ये जाहीर केलं आणि तिला रॉटन यांचं नाव दिलं. रॉटन मुंबई इलाख्यातले वन अधिकारी. निवृत्तीनंतर ते त्याच म्युझियममध्ये इथून गेलेल्या कातड्या आणि कवट्या अभ्यासत बसत.

आपल्याकडे पावसाळ्यात ओसरीवर पाकोळी शिरली की दिवा मालवून दार उघडं ठेवायचं, ती आपोआप निघून जाते. तीही सस्तनच, पिलाला अंगावर पाजणारी. जगात सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतली दर पाचवी जात वटवाघळांची. पण बारापेडेची पाकोळी वेगळीच दिसते. तिचे मोठाले कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात आणि टोपीच्या झालरीसारखे थेट नाकाडापर्यंत पुढे येतात. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट पट्टा. शेपटी पंखाच्या पडद्यात पूर्ण गुंतलेली नसते, तिचा टोकाकडचा भाग उंदरासारखा मागे मोकळा लोंबतो. पंख लांब आणि अरुंद, म्हणून उडणं वेगवान.

तिचे भाऊबंद आफ्रिकेत आहेत, जावा आणि न्यू गिनीतही आहेत. ही जात मात्र जवळजवळ नव्वद वर्षं फक्त बारापेडेतच माहीत होती. एका गुहेत मावेल एवढंच तिचं जग! ती गुहा ढासळली असती किंवा कुणी आत धूर केला असता तर सगळंच संपलं असतं, या विचारानं मला आजही धस्स होतं. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

सन २००० च्या सुमारास ती कंबोडियात सापडली, मग मेघालयातल्या गुहांतही. इकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत तिला जागा मिळाली, तीही बाकीच्या बहुतेक वटवाघळांना कायद्यात काडीची किंमत नव्हती तेव्हा. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, आणि गुहा त्यात आल्या.

धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती आधी 'अतिसंकटग्रस्त' होती. २००८ मध्ये तिथे 'अपुरी माहिती' असा शेरा आला. कुणाला ही बढती वाटेल, मला वाटत नाही. बारापेडेतून सांजवेळी बाहेर पडलेली पाकोळी रात्रभर कुठे चरते, हे नीट कळायला हवं. त्याशिवाय तो शेरा बदलायचा नाही.