ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच जड वजनं उचलू नका

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला जिममधल्या व्यायामानंतर हार्ट अटॅकने गेले, वय फक्त ४६, आणि नंतर बंगळूरच्या हॉस्पिटलांत हार्ट चेकअपसाठी रांगा लागल्या. तेव्हापासून जिम लावायच्या आधी एक ईसीजी काढला, नॉर्मल आला की झालं, असं खूप जणांच्या डोक्यात बसलंय.

ईसीजी म्हणजे त्या वेळी हृदयात विजेचे संदेश कसे फिरतायत त्याचा आलेख. त्यात जन्मजात दोष, जाड झालेला स्नायू बऱ्याचदा सापडतो, त्यामुळे तरुण खेळाडूंसाठी तो खरंच मोलाचा आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धेतल्या खेळाडूंना ही तपासणी सक्तीची केली, आणि व्हेनेटो भागात त्यांचे अचानक मृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ होते ते २००४ पर्यंत ०.४ वर आले.

पस्तिशीनंतर मात्र अशा अचानक मृत्यूचं मुख्य कारण वेगळं असतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा साठा असतो, त्यावर पातळ पापुद्रा. साठ्याने वाट निम्मीसुद्धा अडवली नसेल तर रक्त आरामात जातं, छातीत काही होत नाही, ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्टपण (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) बहुतेकदा नॉर्मल कारण तिला साधारण ७० टक्क्यांच्या पुढचाच अडथळा नीट कळतो. मग एक दिवस श्वास कोंडून जड वजन उचललं, बीपी एकदम चढलं, पापुद्रा फाटला, आतला ऐवज रक्ताला लागला की प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जखम झाल्यासारख्या धावून येतात, चिकटतात, आणि थोड्या वेळात गुठळी होऊन वाटच बंद. ही गुठळी कालच्या रिपोर्टमध्ये दिसणार कशी, ती तेव्हा नव्हतीच!

म्हणून व्यायाम सोडायचा का? अजिबात नाही. १९९३ च्या एका अमेरिकन अभ्यासात बैठ्या माणसाला जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका शंभरपटीच्या वर गेलेला दिसला, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करणाऱ्याला जेमतेम अडीचपट. म्हणजे सवय हेच संरक्षण, फक्त ती आठवडे-महिने घेऊन हळूहळू लावायची.

ट्रेनरने पहिल्याच दिवशी विचारायला हवं: चालताना छाती भरून येते का, कधी चक्कर येऊन पडलात का, घरात कुणी कमी वयात हार्टने गेलंय का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का. एकाचं जरी उत्तर हो आलं तर आधी डॉक्टर, मग ट्रेडमिल. आणि जिममध्ये शॉक देणारं एईडी मशीन, ते वापरता येणारा माणूस हवाच, कारण हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबत राहणं) आणि शॉकविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.