पीएलपायथनयू की पीएलपायथन३यू?

लातूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडतीचा हिशेब जुन्या पोस्टग्रेस डेटाबेसवर असेल आणि फंक्शनं पायथनमध्ये असतील, तर फंक्शनच्या भाषेच्या जागी बहुधा पीएलपायथनयू (plpythonu, पोस्टग्रेसच्या आत पायथन चालवायची सोय) दिसेल. नव्या सर्व्हरला लागतं पीएलपायथन३यू (plpython3u). पहिलं म्हणजे ‘मशीनवर जे पायथन असेल ते’, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. पोस्टग्रेस १४ पर्यंत बिनआकड्याचं नाव म्हणजे पायथन २, मशीनवर काहीही असो. (शेवटचा ‘यू’ युनिकोडचा नव्हे बरं का, ‘अनट्रस्टेड’चा, म्हणजे कोडवर बंधन नसलेली भाषा. दोन्हीकडे आहे, म्हणून फंक्शन सुपरयूजरलाच, म्हणजे सगळे अधिकार असणाऱ्यालाच, बनवता येतं.)

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ नं ते काढूनच टाकलं. जुनी फंक्शनं तशीच ठेवून पीजी_अपग्रेड (डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेणारं साधन) चालवलं, तर लायब्ररी सापडत नाही म्हणून ते तपासणीतच अडतं.

मग काही जण नावात ३ घालून मोकळे होतात. घोळ इथं होतो. कट्टे काढणारं फंक्शन घ्या: किलो भागिले ५०. किलो पूर्णांकात असतील तर २७५ किलोचे पायथन २ मध्ये ५ कट्टे, पायथन ३ मध्ये ५.५. उत्तराचा प्रकार इंटिजर असेल तर पोस्टग्रेस ५.५ घेतच नाही. २५० किलोचे ५.० आले तरी एरर. एरर आली तर नशीबच म्हणायचं. प्रकार न्यूमेरिक असला की साडेपाच कट्टे गुपचूप पावतीवर जातात आणि हमाली त्यावरच लागते. अशा जागी दोन तिरप्या रेघांचा (//) भागाकार लिहायचा, तो पूर्णांकच देतो.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. यूटीएफ-८ (एकेका मराठी चिन्हाला तीन बाइट घेणारी साठवणपद्धत) डेटाबेसमध्ये ‘लातूर’ची लांबी पायथन २ ला १५ दिसते, कारण ते बाइट मोजतं; पायथन ३ ला ५. जुन्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ ३० वर कापलं तर ‘भ’ अर्धवट तुटतो. म्हणून जाणत्यांनी आधी डीकोड (बाइटांची अक्षरं करणारी आज्ञा) लिहून ठेवलेलं असतं. पायथन ३ मध्ये मजकुराला डीकोडच नाही, आणि हे फंक्शन बनवताना कळत नाही, चालवल्यावर कळतं. कंस नसलेला प्रिंट मात्र बनवतानाच पकडला जातो.

१४ वर दोन्ही भाषा एका डेटाबेसमध्ये नांदतात, पण एका सेशनमध्ये (डेटाबेसच्या एका जोडणीत) एकच चालते. आवक नोंदवणारं फंक्शन नवं आणि त्यामागचा ट्रिगर (नोंद पडली की आपोआप चालणारं फंक्शन) जुना, असं जमत नाही. दोन्ही जोडीनं हलवायचे. १४ ला आधार नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे.