कोडबुकातला ब्लॉक आणि मागच्या फ्रेममधला ब्लॉक

व्हिडिओ कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ कमी बिटांत बसवणं, शिकणाऱ्या पोरांना व्हायव्हात हमखास अडकवणारा प्रश्न: व्हेक्टर क्वांटायझेशन आणि मोशन कॉम्पेन्सेशन यांत फरक काय? उत्तर ठरलेलं असतं, "सर, दोन्हीत सगळ्यात जवळचा ब्लॉक शोधतात." हे उत्तर खोटं नाही, पण अर्ध्यावर थांबलेलं आहे. दोन्हीकडे चित्राचे चौकोनी तुकडे पाडतात. दोन्हीकडे पिक्सेलातून पिक्सेल वजा करून फरकांची बेरीज घेतात आणि जिची बेरीज कमी ती जोडी जिंकते. पुढे पाठवायचा असतो तो नुसता आकडा, तुकडा नव्हे. राहिलेलं अर्धं उत्तर एवढंच, की हा शोध कुठे घेतात. बाकी सगळे फरक त्यातून निघतात.

सांगलीच्या आयर्विन पुलाचा पावसाळ्यातला व्हिडिओ समोर ठेवू. कृष्णेला पाणी चढलंय, जलपर्णीचे पुंजके वाहत चाललेत, लोक कठड्याला टेकून ४० फुटांची इशारा पातळी आली का, ४५ची धोका पातळी किती लांब, याचा हिशेब करताहेत. असा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने जसाच्या तसा साठवला तर सेकंदाला सव्वाशे कोटींच्या आसपास बिट लागतात. मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओत त्याचा शंभरावा हिस्साही नसतो.

व्हेक्टर क्वांटायझेशनवाला म्हणतो, हा तुकडा कोणत्या जातीचा ते सांगा. त्याच्याकडे आधीच तयार केलेलं कोडबुक असतं. समजा त्यात २५६ नमुने आहेत: सपाट करडा, डावीकडे उजेड आणि उजवीकडे सावली, तिरपी कड, असे. प्रत्येक तुकडा त्यातल्या एका नमुन्यात बसवायचा आणि नमुन्याचा क्रमांक पाठवायचा. मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाची प्रत ठरते, तसंच. ४ बाय ४ च्या काळ्या-पांढऱ्या तुकड्याला १२८ बिट लागतात, क्रमांकाला फक्त ८. सोळापट बचत झाली. कोडबुक कसं बनवायचं याची लिंडे, बुझो आणि ग्रे यांची १९८०ची पद्धत आजही पहिल्यांदा तीच शिकवतात.

मोशन कॉम्पेन्सेशनवाल्याला जातीशी घेणंदेणं नाही. तो विचारतो, हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? जलपर्णीचा पुंजका सहा पिक्सेल उजवीकडे आणि दोन खाली सरकला, तर (६, २) एवढंच पाठवायचं. पुलाचे खांब हललेच नाहीत, त्यांना (०, ०), म्हणजे जवळपास फुकटात. याला कोडबुक लागत नाही, मागचा फ्रेम हेच त्याचं कोडबुक. म्हणून ते दर फ्रेमला आपोआप ताजं होतं, आणि म्हणूनच सीन कट झाला की बिनकामाचं ठरतं.

आता शोधाच्या मेहनतीकडे या, कारण घोळ मुख्यतः इथेच होतो. २५६ नमुन्यांशी एकेक करून ताडून पाहायचं तर २५६ तुलना. त्याऐवजी नमुने झाडासारखे लावले, प्रत्येक फाट्यावर दोघांशी तुलना करून एका बाजूला वळायचं ठरवलं, तर आठ पायऱ्यांत १६ तुलनांत काम भागतं. बदल्यात झाडाच्या सगळ्या पायऱ्या मिळून ५१० नमुने साठवावे लागतात, आणि पहिल्याच फाट्यावर चुकीच्या बाजूला गेलात तर खरा जवळचा नमुना दुसऱ्या फांदीवरच राहतो.

मोशन शोधात सगळ्या बाजूंना ७ पिक्सेलपर्यंत पाहायचं म्हटलं तर २२५ जागा. १९८१ साली आलेली 'थ्री-स्टेप सर्च' आधी लांब लांब नऊ जागा पाहते, त्यातल्या बऱ्या जागेभोवती जवळच्या आठ, मग अगदी लगतच्या आठ, एकूण २५. दोन्ही युक्त्या वरवर एकाच साच्यातल्या दिसतात, पण भरवसा वेगवेगळ्या गोष्टींवर आहे. झाडाचा भरवसा नमुन्यांच्या आपसातल्या साम्यावर. थ्री-स्टेपचा यावर, की खऱ्या जागेपासून दूर जावं तसा फरक वाढत जातो. कॅमेरा पुलावरून सरकवत नेला की हा भरवसा कोसळतो. कठड्याच्या एकसारख्या भागांमुळे चारपाच ठिकाणी 'हीच ती जागा' असं वाटतं. गंमत म्हणजे तोच कठडा व्हेक्टर क्वांटायझेशनला पर्वणी असतो, तेच ते नमुने पुन्हा पुन्हा येतात.

एक युक्ती मात्र दोघांना सामाईक आहे. फरकांची बेरीज करता करताच ती आतापर्यंतच्या सर्वात कमी बेरजेच्या पुढे गेली, तर उरलेले पिक्सेल मोजायचेच नाहीत. परीक्षेत ही ओळ दोन्हीकडे लिहिली तरी चालते.

चुकल्यावर काय होतं, यातला फरक माझ्या मते सर्वात मोठा. मोशन शोधात थोडी चुकीची जागा मिळाली तरी चित्र बिघडत नाही. उरलेला फरक ट्रान्सफॉर्म करून, म्हणजे कमी बिटांत मावेल अशा रूपात मांडून, सोबत पाठवतात, त्यामुळे चूक बिटांच्या रूपात भरून निघते. फाइल जरा फुगते, एवढंच. साध्या व्हेक्टर क्वांटायझेशनमध्ये असा उरलेला फरक पाठवत नाहीत. कोडबुकात तिरपी कड नसेल तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि तशीच राहते. उलट, वाटेत डेटा हरवला तर मोशनवाल्याची पंचाईत: बिघडलेल्या फ्रेमवरून पुढचा फ्रेम, त्यावरून त्याच्या पुढचा, असं होत पुढचा पूर्ण (मागच्या फ्रेमवर न विसंबणारा) फ्रेम येईपर्यंत पुलाचे तुकडे पाण्यात विरघळताना दिसतात. पुराचं पाणी दोघांनाही जड. क्षणोक्षणी बदलणाऱ्या त्या चकाकीला ना मागच्या फ्रेममध्ये जोडी असते ना कोडबुकात.

डिकोडरला, म्हणजे आलेल्या आकड्यांवरून चित्र परत उभं करणाऱ्याला, सर्वात हलकं काम कुणाचं, तर व्हेक्टर क्वांटायझेशनचं: क्रमांक वाचा, नमुना चिकटवा. नव्वदीच्या सुरुवातीला आलेला सिनेपॅक हा व्हिडिओ फॉरमॅट त्यावरच चालला. तेव्हाचे सीडी-रॉम ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट देत आणि प्रोसेसर बेताचे होते. सिनेपॅक ४ बाय ४ च्या तुकड्याला, तो सपाट असेल तर एक क्रमांक देई आणि बारकावे असतील तर चार. एन्कोडिंगला, म्हणजे व्हिडिओ लहान करायला, मात्र तो भरपूर वेळ खाई.

पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि मैदान मोशन कॉम्पेन्सेशनने मारलं. १९८८च्या एच.२६१ पासून २००३च्या एच.२६४ आणि २०२०च्या व्हीव्हीसीपर्यंत सगळी मानकं मोशन आणि ट्रान्सफॉर्मवर उभी आहेत. तरी तुकड्यांची जात ओळखणं पूर्ण सुटलेलं नाही. व्हीव्हीसीमध्ये तयार चित्र साफ करणारा जो फिल्टर आहे, तो उजेडाच्या प्रत्येक ४ बाय ४ तुकड्याला, कडांची दिशा आणि चढउतार पाहून, २५ वर्गांपैकी एकात टाकतो आणि त्या वर्गाचा फिल्टर लावतो. इथे वर्गाचा क्रमांक पाठवावाच लागत नाही. डिकोडर तोच हिशेब स्वतः करतो. म्हणून याला व्हेक्टर क्वांटायझेशन म्हणू नका.